सांगावा

माझ्या रोगाची चाचणी माझ्याच लॅबमध्ये होत नाही.

बावीस वर्षं झाली, बेळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातला शटर वर केलं की बाकावर उपाशीपोटी माणसं बसलेली असतात. खानापूरकडची, चंदगडकडची, पहिली बस धरून बैलहोंगलहून आलेलं एखादं म्हातारं जोडपं. अर्ध्यांशी मराठीत बोलायचं, अर्ध्यांशी कन्नडमध्ये, आणि 'मूठ आवळा' हे सगळ्यांना हातानंच दाखवायचं. कुणाची साखर, कुणाचा थायरॉइड, कुणाला लिव्हरची धास्ती. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या हातात कागदावर एक आकडा पडतो. माझ्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कानामागं केसांत जे आहे त्याला आकडा नाही. अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या दोन चाचण्या आहेत. त्यांतला माझा ईएसआर नॉर्मल येतो. सीआरपी थंडीत जरा वर जातो, पुढं खाली येतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही. सोरायसिस हा डोळ्यांनी ओळखायचा रोग. डोळ्यांची खात्री पटली नाही तर कातडीचा मसुरीएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

माझा तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला होता. नाव न घालता, नुसता नंबर घालून मीच नोंदवला होता. पण आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना कळायचं ते कळलं. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी हाक मारली, "बा इल्ली. तुझंच आहे, तूच बघून घे."

गुलाबी आणि जांभळा असे दोनच रंग. कातडीचा अगदी वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची चटई. पेशी जन्मते खाली, तळाच्या थरात. वर सरकता सरकता चपटी होत जाते, शेवटी तिचं केंद्रक नाहीसं होतं, आणि साधारण अठ्ठावीस दिवसांनी ती आपल्या नकळत गळून जाते. माझ्या स्लाइडमध्ये वरच्या चटईतही जांभळे ठिपके होते. केंद्रकं तशीच. पेशी तीन ते पाच दिवसांत वर येऊन पोचलेली, पिकायला सवडच मिळालेली नाही. तळाच्या थराची टोकं खाली लांब उतरलेली, एकसारखी, मागाच्या फणीच्या दातांसारखी. दोन दातांच्या मधून रक्तवाहिन्या फुगून पार वर आलेल्या, त्यांच्यावर कातडीचं नुसतं पातळ आच्छादन. खपली नखानं काढली की टाचणीच्या टोकाएवढे लाल थेंब का उगवतात हे मला त्या दिवशी समजलं. तीस वर्षं ते थेंब मी पाहत आलो होतो, आधी आप्पांच्या कोपरावर, मग माझ्या.

सर भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "एवढी घाई कुणी लावली रे हिला?"

आमचं घर वडगावचं, मागवाल्यांचं. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. आप्पांच्या कोपरांवर चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे असायचे. घरी त्याला इसब म्हणायचे, शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या घरात इसबु. दोन भाषांनी मिळून एकच चूक केली होती. इसब म्हणजे एक्झिमा, तो वेगळा. पण नाव एकदा पडलं की औषधंही त्या नावाचीच येतात. करंजाचं तेल झालं, कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ झाली, वांगं बंद, दही बंद, सुकी मासळी तर घरात आणायचीच नाही. आई सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन नवस बोलून आली. आप्पा सगळं करायचे आणि उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचा शर्ट घालायचे. सकाळी आई त्यांची चादर परड्यात नेऊन झटकायची, तीही शेजारीण विहिरीवर गेली आहे हे पाहून.

कोपरच का, हा प्रश्न मला लहानपणी पडला नव्हता, कारण उत्तर डोळ्यांपुढं होतं. धोटा फेकताना आणि फणी ओढताना त्यांची कोपरं समोरच्या लाकडावर घासायची. जिथं घासतं तिथं उगवतं. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाव शहरातला हाइनरिख कोब्नर नावाचा डॉक्टर १८७० च्या दशकात हेच सांगत होता. त्याच्या एका रुग्णाला घोडा चावला होता, तर नेमक्या त्या दातांच्या खुणांवर सोरायसिस उठला. गोंदवून घेतलं तर गोंदणाच्या रेघांवर उठला. आजही डॉक्टर त्याला कोब्नरचंच नाव लावतात. आप्पांना कुणी हे सांगितलं असतं तर लाकडावर त्यांनी एखादी जुनी गोधडी तरी गुंडाळली असती.

आता ती दिवाळीची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय मला हा रोग समजला नसता. लॅबमधल्या पुस्तकांत सगळं होतं, पण डोक्यात शिरलं ते या गोष्टीवरून.

मी नववीत होतो. आप्पांना सूत द्यायचे ते सावकार पेठेत बसायचे. दसऱ्याच्या आधी त्यांचा पोऱ्या सायकलवरून सांगावा घेऊन आला: दिवाळीच्या आत तीस साड्या हव्यात, हिरव्या काठाच्या, जमेल तेवढ्या लवकर. एक साडी उतरायला दोन दिवस लागायचे. आप्पांनी रात्रपाळी सुरू केली. आई आणि मी कांड्या भरायचो. कंदिलाच्या उजेडात धोटा इकडून तिकडे, खटक, खटक. मला अजूनही झोपेत कधी तो आवाज येतो. घाई झाली की फणीचे ठोके कमी पडतात, बाणा विरळ बसतो. खळ नीट वाळायच्या आत ताणा चढवायचा. कापड उतरायचं, पण हात लावला की विरविरीत. उजेडापुढं धरलं तर पलीकडचं माणूस दिसावं. आप्पांना ते दिसत नव्हतं असं नाही. ते म्हणायचे, "लवकर म्हणून सांगावा आलाय, गा. चांगलं म्हणून न्हवं."

धनत्रयोदशीच्या दिवशी सायकलच्या कॅरियरला गठ्ठा बांधून आम्ही दोघं पेठेत गेलो. सावकारांनी गठ्ठा पाहिला आणि डोक्याला हात लावला. ती मागणी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली होती. त्यांनी त्याच पोऱ्याला 'थांबा म्हणून सांगून ये' असं बजावलं होतं, आणि पोऱ्या वाटेतूनच गावच्या जत्रेला निघून गेला होता. निम्म्या भावात साड्या गेल्या. एक घरी राहिली, तिचा आईनं खिडकीला पडदा केला. विरविरीत होती, वारा छान यायचा.

त्या तीस साड्यांत मागाचा काय दोष? सुताचा काय? हात तर आज्ञेत होते.

शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं मागालाच दोष दिला. कातडीच्या पेशींचं काहीतरी बिनसलं आहे, त्या बेफाम वाढतात, त्यांना रोखा, म्हणजे झालं. डांबर लावा, पेशींची वाढ थांबवणारी औषधं द्या. मग १९७९ साल आलं. नॉर्वेच्या डोंगराळ पठारावरच्या मातीतल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन नावाचं औषध मिळालं होतं. बदललेली किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून जे देतात तेच हे. ते सांधेदुखीच्या काही रुग्णांना देऊन पाहिलं. त्यांतल्या ज्यांना सोरायसिसही होता त्यांची कातडी अनपेक्षितपणे साफ व्हायला लागली. हे औषध टी-पेशींना, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या एका जातीला, गप्प बसवतं. सोरायसिसवर म्हणून ते कुणी दिलंच नव्हतं. हुकूम देणारं तोंड बंद केलं आणि हात आपोआप थांबले.

त्याच १९७९ साली स्वित्झर्लंडमध्ये शास्त्रज्ञांची एक बैठक भरली आणि पांढऱ्या पेशी एकमेकींना जी प्रथिनं पाठवतात त्यांना 'इंटरल्यूकिन' हे नाव ठरलं. अर्थ साधा: पांढऱ्या पेशींच्या आपापसातलं. पुढं कळलं की ही बोली पांढऱ्या पेशींपुरती नाही, कातडीच्या पेशीही तीच बोलतात. नाव तोकडं पडलं, तरी राहिलं. आमच्या गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला कागदावर बदललं, तरी माझ्या बाकावरची माणसं पत्ता सांगताना अजून दोन्ही नावं सांगतात, आणि रिपोर्ट बरोबर पोचतो. तसंच ते.

या सगळ्या निरोप्या प्रथिनांना मिळून सायटोकाइन म्हणतात. मी मनातल्या मनात सांगावा म्हणतो. एक पेशी तो सोडते, शेजारच्या पेशीच्या अंगावर त्याच्या मापाचा खाचा असतो, त्यात तो बसला की त्या पेशीला हुकूम मिळतो: ये, वाढ, पेट, थांब. प्रमाण इतकं थोडं की ते पिकोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. बहुतेक सांगावे जिथं सुटतात त्याच गल्लीत संपतात. म्हणून कोपरात दंगल चालू असताना माझ्या दंडाच्या शिरेतल्या रक्तात त्याचा मागमूस नसतो. माझ्या लॅबचा हा दोष नाही, हे मला उशिरा पटलं.

कोपरात काय चालतं ते आता बरंच उलगडलं आहे. कातडी कुठं खरचटली की काही पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए बाहेर सांडतो. एरवी तो लगेच साफ होतो. पण कातडीचं जंतू मारणारं एक छोटं प्रथिन आहे, एलएल-३७. ते त्या सांडलेल्या डीएनएला बिलगलं की टेहळणीवरच्या पेशींना वाटतं, बाहेरचा शिरला. हे २००७ साली दाखवलं गेलं. मग टेहळ्या पेशी इंटरल्यूकिन-२३ सोडतात. तो ऐकून टी-पेशींची एक खास तुकडी जोर धरते आणि इंटरल्यूकिन-१७ सोडते, जोडीला २२ आणि टीएनएफ नावाचा आणखी एक सांगावा. १७ चा सांगावा कातडीच्या पेशीला मिळाला की ती वाढायला लागते, २२ तिला पिकू देत नाही. इथवर सरळ आहे. खरी गोम पुढं आहे. १७ चा हुकूम मिळालेली कातडीची पेशी उलट निरोप धाडते, 'आणखी माणसं पाठवा'. आणखी टी-पेशी येतात, जंतूंना गिळणाऱ्या पेशी येतात, त्या माझ्या स्लाइडमध्ये वरच्या थरात पुंजके करून बसलेल्या दिसत होत्या. नव्यानं आलेल्या आणखी १७ सोडतात. सावकारानं सूत पाठवावं, विणकरानं झटपट कापड पाठवावं, ते बघून सावकारानं आणखी सूत पाठवावं, आणि मूळ गिऱ्हाईक कुठंच नसावं.

'थांब' म्हणणारा पोऱ्या इथंही वाटेतच कुठंतरी राहतो.

सीमाभागात वाढलेल्या माणसाच्या तोंडावर इथं एक उपमा आयती येते. आपल्याच माणसाला परका ठरवणं, सरहद्दीवरचे पहारेकरी वगैरे. सभेत कुणी ती वापरली तर टाळ्या पडतील. मला ती पटत नाही. माझ्या टी-पेशींच्या मनात कुणाबद्दल काही नाही. त्या निष्ठेनं काम करताहेत, आणि घोळ तिथंच आहे. शिवाय त्यांच्या या अतिउत्साहाचा एक फायदाही आहे. इसबाची कातडी सतत चिघळते, पू धरते. सोरायसिसची कातडी इतकी फुटलेली, सोललेली असूनही क्वचितच चिघळते, कारण जंतू मारणारी ती प्रथिनं तिथं खच्चून भरलेली असतात. आप्पांच्या कोपराला कधी पू झाला नाही. एवढ्या एका खुणेवरून कुणी शहाण्या माणसानं ओळखलं असतं की हा इसब नव्हे.

माझं सुरू झालं चौतिसाव्या वर्षी. आधी घसा धरला, मग पंधरा दिवसांत पोटावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूनंतर असे ठिपके उठतात, हे मला माहीत असायला हवं होतं. घशाचे स्वॅब मीच लावतो. बापाकडून काय आलं तेही आता ठाऊक आहे. एचएलए-सी जनुकाचा ०६:०२ हा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना हा रोग होण्याची शक्यता जास्त. ज्यांच्यात तो असतो त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणजे वारशानं रोग येत नाही, कान येतो. सांगावा जरा जास्तच चांगला ऐकू येणारा कान.

पहिली दोन वर्षं मी मूर्खपणा केला. लॅबमध्ये बसून लोकांना 'डॉक्टरना दाखवा' म्हणणारा मी, स्वतः मात्र दुकानातून क्लोबेटॅसॉल या कडक स्टेरॉइड क्रीमची ट्यूब आणून चोळत होतो. आठ दिवसांत साफ. बंद केलं की त्याच जागी, त्याच आकाराचा, रुपयाएवढा चट्टा पुन्हा. मला वाटायचं क्रीम नकली आहे. खरं कारण असं की चट्टा जातो तेव्हा टी-पेशी जात नाहीत. काही तिथंच कातडीत मुक्काम ठोकून बसतात. जुना सांगावा पाठ असलेल्या. मग ओळखीतल्या एका डॉक्टरनं स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. अंग असं झालं की बायको म्हणाली, लग्नातल्यासारखं दिसालंय. गोळ्या संपल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात तळहातांपासून पाठीपर्यंत पिवळ्या पुळ्या आणि एकशे तीन ताप. सोरायसिसमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम सोडल्या की असं होऊ शकतं, हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं आहे. त्या डॉक्टरला मी काही बोललो नाही. माझ्या टेबलावर ते पुस्तक होतं.

तेव्हा खऱ्या चर्मरोग तज्ज्ञांकडं गेलो. दारावरची पाटी कन्नडमध्ये: 'चर्मरोग तज्ञरु'. शेवटचा 'रु' काढला की आपलीच. त्यांनी तपासलं, बोटांचे सांधे दाबून पाहिले, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का विचारलं. सोरायसिसच्या निदान पाचांतल्या एकाला पुढं सांध्यांचं दुखणं लागतं, तेच सांगावे सांध्यांत पोचतात म्हणून. माझे सांधे अजून ठीक आहेत. त्यांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहिली आणि चिठ्ठीवर 'वार: रविवार' असं लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. दर महिन्याला रक्त.

त्या दोन रेघांची किंमत मला माहीत होती. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं एका बाईंचं रक्त आलं होतं. पांढऱ्या पेशी हजाराच्या आसपास, प्लेटलेट तळाला. मी मशीन बिघडलं समजून दुसऱ्यांदा लावलं. तोंडात एवढे फोड की त्यांना पाणी गिळता येत नव्हतं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी कुणीतरी 'रोज एक' अशी समजावून सांगितली होती. एका शब्दाचा सांगावा चुकला. बाई वाचल्या. तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये कुणी मेथोट्रेक्सेटच्या तपासणीला आलं की मी विचारतो, वार कुठला? मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हींत. वार सांगता आला नाही तर मी रक्त घ्यायच्या आधी डॉक्टरना फोन लावतो. हे माझं काम नाही असं मला एकदोनदा ऐकवलंही गेलं आहे.

गोळीनं सत्तर टक्के काम केलं. उरलेल्यासाठी तज्ज्ञांनी गेल्या थंडीत इंजेक्शनचा विषय काढला. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची हवा कोरडी बोचरी होते, गुडघे फुटतात, रात्री पांघरुणाला रक्ताचे ठिपके लागतात. ही इंजेक्शनं म्हणजे एकेक सांगावा नेमका वाटेत पकडणारी प्रतिपिंडं. त्यांची कहाणी मला फार आवडते. २००० साली एका बाईला आतड्याच्या क्रोन्स रोगासाठी टीएनएफ अडवणारं औषध दिलं, आणि आतड्याबरोबर तिचा सोरायसिसही गेला. पुन्हा तेच, न मागता मिळालेलं उत्तर. मग कंपन्यांनी इंटरल्यूकिन-१२ ला आरोपी धरून त्याच्यावर प्रतिपिंड बनवलं. औषध उत्तम चाललं. पण २००० मध्येच इंटरल्यूकिन-२३ सापडलं होतं, आणि लक्षात आलं की १२ आणि २३ या दोघांचा अर्धा भाग अगदी एकच आहे, पी-४० नावाचा. औषध पकडत होतं ते तो सामाईक अर्धा भाग. चोर २३ होता. १२ नुसता आडनावबंधू म्हणून धरला गेला होता. ते औषध, उस्टेकिनुमॅब, अमेरिकेत २००९ साली मंजूर झालं. १७ ला थेट पकडणारं सेक्युकिनुमॅब २०१५ मध्ये आलं. आपल्या बेंगळुरूतही २०१३ साली एक औषध निघालं, इटोलिझुमॅब, क्यूबातल्या शास्त्रज्ञांबरोबर मिळून बायोकॉननं बनवलेलं. ते सांगावा पकडत नाही, टी-पेशीच्या अंगावरच्या सीडी-६ या प्रथिनाला धरून तिचा जोर कमी करतं. पोऱ्याला अडवण्यापेक्षा सावकाराशीच बोलणी, असं म्हणा.

इंजेक्शनच्या आधी क्षयाची तपासणी लागते. माँटूची सुई मी स्वतःच लावून घेतली, डाव्या हाताला. अठ्ठेचाळीस तासांनी पेन टेकवत टेकवत गाठीची कड शोधली आणि पट्टी लावली. सोळा मिलिमीटर. लोकांचे असे हात मी हजारांनी मोजले असतील; आपला मोजताना पट्टी दोनदा सरकली.

एवढी गाठ म्हणजे जंतू अंगात आहे, पण एक्स-रे साफ होता. म्हणजे क्षय नाही, क्षयाचा जंतू आत झोपलेला आहे. आप्पांना क्षय झाला होता, मी बारावीत असताना. सूताच्या धुरळ्यात खोकणारा माणूस म्हणून आधी कुणी लक्ष दिलं नाही. मी त्यांच्या शेजारी झोपायचो. त्या जंतूला इतकी वर्षं कुणी झोपवून ठेवलं असेल? टीएनएफनं. हा सांगावा फुप्फुसात पेशींना एकमेकींना चिकटून कुंपण घालायला सांगतो, आणि जंतू त्या कुंपणात कोंडला जातो. टीएनएफ अडवलं की कुंपण ढासळतं. ही औषधं आल्यावर सुरुवातीच्या वर्षांत काही रुग्णांचा झोपलेला क्षय उठला, तेव्हापासून ही तपासणी सक्तीची झाली. १७ चंही तसंच. तो अडवला की तोंडात, घशात कँडिडाची पांढरी बुरशी धरू शकते, कारण तिला रोखायचं काम त्याचंच. जन्मतःच ज्यांचा १७ चा मार्ग तुटलेला असतो त्यांना ही बुरशी आयुष्यभर सोडत नाही.

मी ते सोळा मिलिमीटर घेऊन बराच वेळ बसलो. माझ्या कोपराला जो फाडतोय तोच छातीत राखण करतोय. या रोगाचा मला जो राग होता त्याचं काय करायचं हे त्या दुपारी कळेना.

तज्ज्ञांनी मार्ग सांगितला: आधी झोपलेल्या जंतूवरचा कोर्स, मग १७ चं इंजेक्शन, त्यात क्षयाचा धोका टीएनएफच्या औषधापेक्षा कमी. किंमतही सांगितली. बायको म्हणाली स्कूटर विकू. मी म्हटलं ही थंडी जाऊ दे. सध्या कोर्स चालू आहे, रविवारची गोळी चालू आहे, आणि सकाळी अर्धा तास गच्चीवर गुडघे उघडे टाकून उन्हात बसतो. ऊनही कातडीतल्या टी-पेशींना शांत करतं. दवाखान्यातली ३११ नॅनोमीटरची दिव्याची पेटी हेच काम नेमकेपणानं करते. अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालतो. सलूनवाला पूर्वी मला शेवटी घ्यायचा, टॉवेल वेगळा ठेवायचा. त्याला एकदा लॅबमध्ये बोलावून माझी स्लाइड दाखवली. त्याला त्यातलं काही कळलं नसावं, पण आता टॉवेल सगळ्यांचाच वापरतो. खरं तर तो टॉवेल फार स्वच्छ नसतो.

आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचे लांब बाह्यांचे शर्ट आईनं बोहारणीला दिले, एक ठेवला. त्याच्या उजव्या कोपरावर आतून एक ठिगळ आहे, मऊ धोतराच्या तुकड्याचं, बारीक टाक्यांचं. बाहेरून दिसत नाही. लाकडाला गोधडी त्यांनी गुंडाळली नव्हती, पण आईनं शर्टाला आतून लावली होती. म्हणजे तिला माहीत होतं.

मुलगी आता दहावीत आहे. परवा ती टेबलाशी बसून लिहीत होती, डावं कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून. मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि जाताना वाकलो.

"पप्पा, काय बघालास?"

"काही नाही. कोपर काढ तिथनं. कड बोचेल."

तिनं कोपर उचललं, फिरवून स्वतः पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिथं टेबलाच्या कडेची लाल रेघ उमटली होती. आम्ही दोघं ती जाईपर्यंत बघत राहिलो.